एका डॉलरची सीडी

प्रिय मंजे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. चार महिन्यांत तुझे तीन फोन आले आणि मी एकदाही उलटा फोन केला नाही. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा जिन्यावर कुरकुरतो, ह्यांचंही बरं. झालं तब्येतीचं.

काल तळघर आवरायला काढलं, तेव्हा सईच्या शाळेच्या खोक्यात एक सीडी सापडली. वंडर गर्ल्सची, त्या कोरियन गाणाऱ्या पोरींची. आठवतात ना? तू आली होतीस तेव्हा सईने पोछ्याची काठी माईकसारखी धरून तुला तो नाच करून दाखवला होता, आणि तू म्हणालीस, "पोरीला लय आहे, आईवर गेलेली नाही." सीडीवर एका डॉलरचं लेबल अजून तसंच आहे. २००९मध्ये मुलींच्या कपड्यांच्या दुकानात, गल्ल्याजवळ, केसांच्या रबरांशेजारी ठेवलेली होती. मला वाटलं, डॉलरभरात पोरगी घरी जाईपर्यंत गप्प बसेल. आता सई सांगते की तीच तर त्यांची शक्कल होती. रेडिओवाले दारात उभं करत नाहीत ना, मग आयांच्या पर्समधून आत शिरायचं! आणि शिरल्या की. त्या ऑक्टोबरात त्यांच्या 'नोबडी' गाण्याची इंग्रजी आवृत्ती बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत, म्हणजे इथल्या सगळ्यांत चालणाऱ्या शंभर गाण्यांत, ७६व्या नंबरावर आली. कोरियाच्या गाणाऱ्यांचं नाव त्या यादीत आलं ते तेव्हा पहिल्यांदा. म्हणजे बघ, त्यात माझाही एक डॉलर आहे. तुझ्या आकाशवाणीच्या बी-हाय ग्रेडपेक्षा मोठी कामगिरी.

फक्त त्या यादीत त्या एकच आठवडा टिकल्या.

आता मूळ भानगड सांगते. यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं गाण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय, आणि बोलावलंय तुझ्या केदारला. तुला त्याने सांगितलं असेलच. परवा त्याचा फोन आला. इतका आदबशीर पोरगा, तुझ्याकडे शिकून असा कसा राहिला देव जाणे. म्हणाला, "मावशी, तिकडच्या लोकांना काय आवडतं ते सांगा, तसं बसवतो." मंजे, मला घामच फुटला. पुढच्या रविवारी सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, आणि त्यात ही सीडी हातात आली.

ह्या पोरींचं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. २००८च्या सप्टेंबरात मूळ कोरियन गाणं आलं आणि तिकडे त्या नुसत्या राण्या झाल्या. ऐन भरात त्यांना उचलून इकडे आणलं. आणणारा त्यांचा मालक पार्क जिन-यंग. स्वतः गायक, नाचरा, गाणी रचणारा. त्याआधी इथे येऊन विल स्मिथ, मेस अशा रॅपर मंडळींना त्याने गाणी दिली होती, त्यामुळे ह्याला आत्मविश्वास. गंमत म्हणजे त्या गाण्याच्या व्हिडिओत हाच मुख्य गायक असतो, ऐन वेळी संडासात कागद संपल्यामुळे अडकतो आणि मागे कोरस धरणाऱ्या पाचजणी पुढे येऊन मैफल मारून नेतात. (आपल्या गॅदरिंगला बापट सर अडकले होते ते आठवून मी काल एकटीच हसत बसले. सरांना कागदाची अडचण नव्हती एवढंच.) कपडे, केस, नाच, सगळं साठ सालच्या अमेरिकन गाणाऱ्या पोरींसारखं. अमेरिकेला तिचीच जुनी पैठणी इस्त्री करून परत विकायला निघाले होते.

तर २००९च्या उन्हाळ्यात जोनास ब्रदर्स ह्या इथल्या बँडच्या दौऱ्यात, मुख्य कार्यक्रमाआधी गर्दी जमेपर्यंत ह्यांनी गायचं. घरी ज्यांच्यासाठी लोक जीव टाकत, त्या इथे प्रेक्षकांत जाऊन, आम्ही अमुक, आमच्याबरोबर फोटो काढा, असं म्हणत फिरत होत्या. मला हे वाचूनच कसंतरी झालं. २०१०च्या जानेवारीत सनमी नावाची त्यातली एकजण शिक्षणासाठी बाहेर पडली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती गं. सतराव्या वर्षी आपण दोघी कुमठेकरांच्या पेरूंवर दगड मारत होतो. तोवर मायदेशी दुसऱ्या, गर्ल्स जनरेशन नावाच्या पोरींनी मैदान मारलं होतं. दोन वर्षांनी ह्या परत गेल्या, गाणीही चालली, पण आधीचं सिंहासन कुठलं मिळायला. २०१७मध्ये ग्रुप मोडला.

तू म्हणशील, झालं, वैजू निकाल देऊन मोकळी झाली: आपली भाषा सोडली की माणूस ना घर का ना घाट का. मीही तेच म्हणणार होते. सईने मोडता घातला.

तिने मला किम सिस्टर्स दाखवल्या, त्याही कोरियाच्याच, पण कितीतरी आधीच्या. दोन सख्ख्या बहिणी आणि एक मामेबहीण. आई ली नान-यंग तिकडची नावाजलेली गायिका, वडिलांना कोरियन युद्धात उत्तर कोरियात नेलं ते गेलेच. पोट भरायचं कसं, तर आईने पोरींना अमेरिकन सैनिकांपुढे उभं केलं. इंग्रजी गाणी अक्षर न् अक्षर पाठ, अर्थ शून्य. सैनिक चॉकलेटं आणि व्हिस्की द्यायचे, ती विकून घरात तांदूळ यायचा. १९५९मध्ये लास व्हेगासला आल्या आणि पुढे एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात वीसहून जास्त वेळा झळकल्या. त्यांना कोण म्हणणार की तुम्ही परक्यांची गाणी का म्हटलीत?

बरं, उलट बाजूने साय नावाचा कोरियन गायक घे. २०१२मध्ये 'गंगनम स्टाइल' बहुतेक सगळं कोरियनमध्येच, माणूस गोलमटोल, आणि सात आठवडे हॉट १००मध्ये दुसरा. तुमच्याकडच्या वरातीत बँडवाले ते वाजवत होते, तूच मला चिडून सांगितलं होतंस. इथे ठसायचं म्हणून त्याने ते केलंच नव्हतं, घरच्यांसाठी केलेली थट्टा होती ती. मी सईला म्हटलं, बघ! तर ती म्हणते, आई, मग बीटीएसच्या कोरियन पोरांचं काय? २०२०मध्ये ते पहिल्यांदा एक नंबरवर गेले ते 'डायनामाइट'ने, आणि ते अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. मी म्हटलं, त्याच वर्षी डिसेंबरच्या यादीत त्यांचं कोरियन गाणं पण एक नंबरवर आलं ना? तर म्हणे, आलं, आणि पुढच्या आठवड्यात अठ्ठाविसावर घसरलं, कारण चाहत्यांनी विकत घेतलं पण रेडिओने वाजवलं नाही. पोरगी वकील व्हायला हवी होती. दोन तास वाद घातला, भात करपला, आणि मी होते तिथेच.

तेव्हा आता ती २०११ची गोष्ट. टाळत होते इतका वेळ, कळलंच असेल तुला.

तू नाट्यपदं आणि बैठकीची लावणी बसवून आली होतीस. विमानतळावरून घरी येताना गाडीतच मी तुला सांगितलं, की समितीचं म्हणणं आहे, हिंदी सिनेमाची गाणी घे, तरुण मुलं कंटाळतात. तू खिडकीबाहेर बघत "बरं" म्हणालीस. तू "बरं" म्हणतेस तेव्हा काय होतं ते मला शाळेपासून माहीत आहे, तरी मी गप्प बसले. मग त्या शाळेच्या हॉलमध्ये ट्रॅक लावून तू सहा गाणी म्हटलीस आणि लोक तिसऱ्या गाण्याला वड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ती गाणी त्यांनी गाडीत येताना ऐकलेलीच होती ना! परतीच्या वेळी तू मला चकलीचा डबा परत दिलास, रिकामा. रिकामा डबा कुणी देतं का? त्यावरून मी वर्षभर धुसफुसत होते. तू हार्मोनियमचं जुनं प्रकरण उकरून काढलंस (ती मी पाडली नव्हती, आजही सांगते, सुनंदाने पाडली). असं आपण कशाकशावरून भांडलो, पण त्या गाण्यांवरून एकदाही नाही.

मंजे, समितीने काही म्हटलं नव्हतं. समितीत कुणाला तू काय गाणार आहेस तेही ठाऊक नव्हतं. मीच घाबरले होते. नव्यानेच सेक्रेटरी झाले होते, लोक उठून गेले तर माझं नाव जाईल असं वाटलं. आणि लोक उठून गेलेच.

तुझी पदं चाललीच असती असंही मला म्हणता येत नाही. कदाचित वड्यांची रांग दुसऱ्याच गाण्याला लागली असती. पण ती तुझ्या गाण्याला लागली असती, आणि त्यावर आपण नीट, समोरासमोर भांडलो असतो.

तुझं कसं चाललंय? क्लासची नवी जागा मिळाली का? सूनबाईंची बदली झाली की अजून तेच? मागच्या वेळी सासूबाईंच्या डोळ्याचं म्हणत होतीस, ऑपरेशन झालं असेल तर माझा नमस्कार सांग, आता मी किती जाड झालेय ते त्यांना फोटोत नीट दिसेल.

केदारला मी अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सोमवारी सकाळी, त्याचा फोन येईल. त्याआधी तू मला फोन कर. चिडलेली असलीस तरी कर, "बरं" तेवढं म्हणू नकोस.

तुझी,
वैजू

ता. क. सीडी लावायला घरात यंत्रच उरलेलं नाही. सई म्हणते गाडीत अजून चालते, उद्या बघते.