घरी बांधलेल्या गाडीलाही परीक्षेला बसू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून ते रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. अशा कारवाईला माझा विरोध नाही. रात्री अकरा वाजता रुग्णालयासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटबद्दल सहानुभूती वाटावी असे त्यात काही नाही. मात्र ‘वाहनातील बेकायदा बदल’ या एकाच मथळ्याखाली हा टोळभैरव आणि वर्ष-दीड वर्ष खपून, मोजूनमापून स्वतःची गाडी बांधणारा माणूस असे दोघेही येतात, आणि त्यातल्या दुसऱ्याला आपल्या कायद्यात तपासणी मागण्याचीही सोय नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. गेल्या दीड वर्षात आमच्या घराच्या गॅरेजमध्ये मी, माझी चौदा वर्षांची मुलगी आणि दोन उन्हाळे आमच्याकडे येऊन राहिलेले माझे वडील अशा तिघांनी मिळून दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, जोडली. पत्नीने हिशेब सांभाळला, म्हणजे मुख्यतः आम्हाला आवरण्याचे काम केले.

इंग्लंडमध्ये या हौसेचे मूळ कोणत्याही उदात्त धोरणात नाही, ते करबचतीत आहे. लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘सेव्हन’ ही हलकी, जवळजवळ सांगाड्यासारखी गाडी आणली तेव्हा तयार मोटारीवर खरेदी कर लागत असे, पण सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. संचासोबत जोडणीच्या सूचना देता येणार नाहीत अशी अट होती. त्यावर लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या, असे सांगतात. (हे वाचून अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की हा चॅपमन कोल्हापुरातल्या आमच्या उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीत, सहज खपून गेला असता.) १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली, पण हौस संपली नाही. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि ब्रिटनमध्ये ती गाडी आजही खोक्यांतून घरी मागवता येते. या गाड्यांवर बंदी घालणे सरकारला सोपे होते. त्याऐवजी १९९८ साली एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करण्याची पद्धत आणली गेली आणि २००९ पासून तिच्या जागी अधिक काटेकोर ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’, बोलीत ‘आयव्हीए’, ही परीक्षा आली.

आमची गाडी नव्या भागांची नव्हती, तेवढी ऐपत नव्हती. नवी चासी आणि पत्रे किटमध्ये आले. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेक एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढले. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला वर्षानुवर्षे खात राहते. मागच्या सस्पेन्शनच्या एका बोल्टने आमचे तीन शनिवार घेतले. अण्णांची उभी हयात शिवाजी उद्यमनगरात फिटरकाम करण्यात गेली. त्यांनी तो बोल्ट तापवला, तेल सोडले, पुन्हा तापवला आणि शेवटी कापला, आणि या देशात मीठ जेवणात कमी व रस्त्यावर जास्त असते असा निष्कर्ष काढला. काढलेला प्रत्येक नट, बोल्ट आणि वायसर मुलीने आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवला. त्या चिठ्ठ्या आधी इंग्रजीत होत्या. आजोबांना सापडाव्यात म्हणून तिने त्या मराठीत केल्या आणि त्या निमित्ताने ‘आटे’, ‘कानस’, ‘पाना’ हे शब्द आमच्या घरात पुन्हा नांदू लागले.

दोघांचे भांडण होते ते टॉर्क रेंचवरून. बोल्ट किती आवळायचा हे अण्णांच्या मनगटाला ठाऊक आहे, आणि पुस्तकात दिलेल्या आकड्यावर रेंच ‘टक’ वाजल्याखेरीज मुलीचे समाधान होत नाही. शेवटी तह झाला की अण्णांनी आवळायचे आणि तिने रेंच लावून तपासायचे. बहुतेक वेळा त्यांचा हात बरोबर निघाला. दोन वेळा निघाला नाही, आणि ते दोन्ही बोल्ट पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे होते. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रेंच मात्र त्यांच्या हातात दिसू लागला. घरगुती कामाची तपासणी परक्या माणसाने करायला हवी असे माझे मत झाले ते त्या दिवशी.

ती तपासणी कशी होते हे जरा तपशिलाने सांगतो, कारण पत्राचा मुद्दा तिथेच आहे. सरकारी केंद्रावर सुमारे साडेचारशे पौंड शुल्क भरून वेळ घ्यावी लागते आणि गाडी खरोखर हौशी माणसाने बांधली आहे हे दाखवण्यासाठी बांधणीची छायाचित्रे द्यावी लागतात. मग ब्रेक, धूर, आवाज, दिवे, आरसे, सीट बेल्टच्या पट्ट्यांचे आधार, सुकाणू असे सगळे तपासले जाते. आमच्या परीक्षकाने शंभर मिलिमीटर व्यासाचा एक गोळा गाडीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवला. त्या गोळ्याचा स्पर्श जिथे होऊ शकतो, तिथली कड पादचाऱ्याला कापणार नाही इतकी, म्हणजे किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची, गोल असावी लागते. डाव्या दिव्याच्या ब्रॅकेटची कड तशी नव्हती. शिवाय आम्ही जरा मोठे टायर बसवले होते, त्यामुळे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवत होता, आणि कमी दाखवणारा स्पीडोमीटर तिथे मुळीच चालत नाही. आम्ही नापास झालो. कारणे लेखी मिळाली, परीक्षकाने ती वाकून, बोट ठेवून दाखवली, आणि आम्ही गाडी ट्रेलरवर घालून परत आणली. मुलीने ब्रॅकेटला कानस मारली, मी स्पीडोमीटर जुळवून घेतला, दुसऱ्या खेपेस प्रमाणपत्र मिळाले आणि त्यावर रीतसर नोंदणी होऊन क्रमांकही मिळाला.

अण्णा परत गेल्यावर त्यांनी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याला या गाडीचे फोटो दाखवले. त्याने चासीच्या वेल्डिंगला दोन नावे ठेवली, आणि मग विचारले, “पासिंग होईल का?”

होणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. घरी बांधलेल्या गाडीला तर मूळ नोंदणीच नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ निर्मात्याने आपल्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेण्याविषयी आहे, आणि नव्या वाहनाच्या नोंदणीला निर्मात्याचा फॉर्म २२, म्हणजे वाहन नियमांप्रमाणे असल्याचा दाखला, लागतो. ही सगळी रचना हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे; एकच गाडी बांधणारा तिच्यात कुठेच बसत नाही.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यांपासून लांब नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने मुलाच्या हौसेखातर सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात लिहिले की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ही गाडी थांबवतील, म्हणून तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. ती त्यांनी दिलीही. या दातृत्वाबद्दल आदर राखून विचारावेसे वाटते की ती गाडी सुरक्षित होती की नव्हती, हे कोणी तपासले? कदाचित ती नापासच झाली असती. पण नापास होण्याचा आणि त्यातून शिकण्याचा हक्क त्या कारागिराला मिळालाच नाही.

नियम १२६ मध्ये ज्या संस्थांची नावे आहेत त्यांतल्या तीन महाराष्ट्रातच आहेत: पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. म्हणजे तपासणारे हातही इथेच आहेत आणि बांधणारेही. अडचण फक्त केंद्राच्या नियमांची आहे, आणि ते नियम हौसेला अगदीच परके नाहीत. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा विद्युत किट बसवण्याची मुभा आहे. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आली. तिचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई.

याच धर्तीवर हौशी बांधणीच्या वाहनासाठी वेगळा वर्ग करावा, आणि राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे तसा प्रस्ताव पाठवावा, अशी माझी सूचना आहे. अशा गाडीत एअरबॅग नसतात आणि तिची धडक चाचणीही झालेली नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून वापरावर मर्यादा असावी, विमा सक्तीचा असावा, विक्रीसाठी बांधणी करणाऱ्याला या वर्गात प्रवेश नसावा आणि ब्रेक, सुकाणू व पट्ट्यांच्या बाबतीत परीक्षकाने तसूभरही सूट देऊ नये. शुल्क भरपूर ठेवले तरी चालेल. फक्त नापास गाडी जप्त न करता कारणे लिहून द्यावीत आणि दुरुस्त करून पुन्हा आणण्याची तारीख द्यावी.

आपला,
एक वाचक
कॉव्हेंट्री, इंग्लंड (मूळ कोल्हापूर)