क्षेपणास्त्रविरोधी कवच आणि पुन्हा पेटलेली अण्वस्त्रस्पर्धा

महोदय,

अमेरिकेच्या अध्यक्षांनी मे २०२५ मध्ये १७५ अब्ज डॉलर खर्चाच्या ‘गोल्डन डोम’ योजनेची घोषणा केली. तेव्हापासून आपल्याकडे तिच्याविषयी जे वाचायला मिळाले, त्यात अवकाशातून शत्रूची क्षेपणास्त्रे टिपणाऱ्या तंत्रज्ञानाचे कुतूहल पुष्कळ आहे. परंतु ही योजना निव्वळ बचावाची असल्यामुळे तिच्यापासून कोणालाही धोका नाही, हे अमेरिकेचे म्हणणे बहुधा चर्चेविनाच मान्य केलेले दिसते. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे. गेल्या पंचवीस वर्षांत अण्वस्त्रस्पर्धा ज्या कारणांनी पुन्हा पेटली, त्यांत अमेरिकेच्या याच ‘बचावात्मक’ धोरणाचा वाटा फार मोठा आहे आणि तो वाचकांपुढे यायला हवा, म्हणून हे पत्र.

पहिला घाव सोसूनही समोरचा देश प्रतिहल्ला करू शकेल, या भीतीमुळेच दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर हात टाकण्यास कचरतात. त्यांपैकी एकाने मजबूत कवच उभारले, की दुसऱ्याच्या मनात शंका येते: हा आधी आपली बहुतेक अस्त्रे जमिनीवरच नष्ट करील आणि उरलीसुरली वाटेत पाडील. हाती भक्कम ढाल आलेला तलवारबाज अधिक निर्धास्तपणे वार करतो, हे समोर उभ्या असलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. १९६७ साली ग्लासबरो येथील भेटीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी हा मुद्दा सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांच्यापुढे मांडला, तेव्हा स्वतःच्या भूमीचे रक्षण करण्यात अनैतिक ते काय, अशी कोसिजिन यांची भूमिका होती. पुढे मॉस्कोलाही तो मुद्दा पटला आणि २६ मे १९७२ रोजी निक्सन व ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. १९७४ मध्ये ही मर्यादा प्रत्येकी एक ठिकाण आणि १०० क्षेपणास्त्रविरोधी अस्त्रे इतकी खाली आणली गेली. अमेरिकेने तर नॉर्थ डाकोटातील आपले एकमेव केंद्र १९७६ मध्ये बंदही करून टाकले. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही बाजूंनी दाखवलेला हा संयम मला आजही थोर वाटतो.

त्या करारातून बाहेर पडत असल्याची घोषणा धाकट्या बुश यांनी १३ डिसेंबर २००१ रोजी केली. कारण दिले गेले ते उत्तर कोरिया आणि इराण यांच्यासारख्या देशांच्या संभाव्य क्षेपणास्त्रांचे. १३ जून २००२ रोजी करार संपुष्टात आला आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ‘स्टार्ट-२’ करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. जमिनीवरून सोडल्या जाणाऱ्या एका आंतरखंडीय क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसवण्यास याच ‘स्टार्ट-२’ने मनाई केली होती. अनेक अण्वस्त्रे एकदम आली, की कवच अपुरे पडते. आज रशिया ज्या ‘सरमात’ क्षेपणास्त्राचा धाक दाखवतो, ते नेमके त्याच प्रकारचे आहे. १ मार्च २०१८ च्या भाषणात पुतिन यांनी ‘सरमात’, ‘अवांगार्द’ हे अतिवेगवान अस्त्र, अणुशक्तीवर चालणारे क्रूझ क्षेपणास्त्र आणि पाण्याखालून जाणारे अण्वस्त्र यांची जंत्री जगापुढे ठेवली, तेव्हा १९७२ च्या करारातून अमेरिकेने घेतलेल्या माघारीचा त्यांनी स्पष्ट उल्लेख केला होता. उत्तर कोरियाने मात्र अमेरिकेने उभारायला घेतलेल्या कवचाची तमा न बाळगता ऑक्टोबर २००६ मध्ये पहिली अणुचाचणी केलीच.

याहून गंभीर परिणाम चीनवर झाला आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. अलास्का आणि कॅलिफोर्निया येथे मिळून अमेरिकेने ४४ क्षेपणास्त्रविरोधी अस्त्रे तैनात केली. हजारो अण्वस्त्रे बाळगणाऱ्या रशियाच्या दृष्टीने ही संख्या किरकोळ होती. परंतु अमेरिकेच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचू शकणारी चीनची क्षेपणास्त्रे ही तैनाती सुरू झाली तेव्हा जेमतेम वीसच्या आसपास होती. लहानसा साठा आणि प्रथम वापर न करण्याचे वचन यांवर कित्येक दशके समाधान मानलेल्या देशाला त्या ४४ चा अर्थ काय लागला असेल, हे सांगायला संरक्षणतज्ज्ञ नको. २०२१ मध्ये गान्सू आणि शिन्च्यांग प्रांतांतील वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी खणलेल्या नव्या भूमिगत कोठारांच्या रांगा उपग्रहचित्रांत दिसल्या आणि २०२४ च्या मध्यास चीनची अण्वस्त्रे ६०० च्या पुढे गेल्याचा अंदाज खुद्द पेंटागॉनने दिला. आता याच वाढीकडे बोट दाखवून वॉशिंग्टन आणखी मोठ्या कवचाची मागणी करते. खेदाची गोष्ट अशी की, चाचण्यांच्या अनुकूल परिस्थितीतही ही अमेरिकी यंत्रणा लक्ष्य टिपण्यात जवळपास निम्म्या वेळाच यशस्वी झाली आहे. म्हणजे खात्रीचे संरक्षण मिळालेले नाही, प्रतिस्पर्ध्यांचा संशय मात्र पुरेपूर ओढवून घेतला गेला आहे.

रशिया आणि चीन निर्दोष आहेत, असे मी म्हणत नाही. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा १९८७ चा करार अमेरिकेने २०१९ मध्ये सोडला, त्याआधी रशियाने बंदी असलेले क्षेपणास्त्र बनवले होते. युक्रेनवरील आक्रमणाला तर कोणतेही समर्थन असू शकत नाही. परंतु स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगाने लष्करावर केलेल्या २,७१८ अब्ज डॉलर खर्चापैकी ९९७ अब्ज एकट्या अमेरिकेचे होते. ज्याचे सामर्थ्य इतके मोठे, त्याच्या प्रत्येक पावलाला इतर देश आपापल्या परीने उत्तर शोधणारच.

या साखळीचे एक टोक आपल्या दारापर्यंत येते. मे २००१ मध्ये बुश यांनी क्षेपणास्त्र-संरक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा अमेरिकेचे अनेक मित्रदेश साशंक असताना वाजपेयी सरकारने तिचे तत्परतेने स्वागत केले होते. नोव्हेंबर २००६ मध्ये आपण स्वतःच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची चाचणी घेतली. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने अनेक अण्वस्त्रे वाहू शकणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली आणि या भागातील वाढत्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचे कारण उघडपणे दिले. मार्च २०२४ मध्ये आपल्या ‘अग्नी-५’वरही अनेक अण्वस्त्रे बसवण्याची क्षमता सिद्ध झाली. यातील प्रत्येक पाऊल वॉशिंग्टनमुळेच पडले, असे नाही. तरीही १९७२ च्या कराराने घातलेले बंधन टिकले असते, तर चीनला आणि पर्यायाने आपल्याला इतक्या वेगाने पुढे जावे लागले नसते, असे मानण्यास जागा आहे.

अमेरिका आणि रशिया यांच्या दीर्घ पल्ल्याच्या तैनात अण्वस्त्रांना प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. या पार्श्वभूमीवर भारताने अवकाशातील क्षेपणास्त्रविरोधी अस्त्रांवर मर्यादा घालण्याची मागणी संयुक्त राष्ट्रांत स्पष्ट शब्दांत करावी आणि २००१ सारखी स्वागताची घाई या वेळी करू नये. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी २०३५ पर्यंत पूर्ण करावयाच्या ‘सुदर्शन चक्र’ या संरक्षण-कवचाच्या मोहिमेची घोषणा केली आहे. ड्रोन आणि पारंपरिक क्षेपणास्त्रांपासून शहरांचे संरक्षण करण्याला माझा विरोध नाही. पण हे कवच अण्वस्त्रांविरुद्धही असणार का, आणि तसे असल्यास इस्लामाबाद व बीजिंग त्याला काय उत्तर देतील याचा विचार झाला आहे का, हे प्रश्न महाराष्ट्रातील खासदारांनी संसदेत विचारावेत आणि आपल्या वृत्तपत्राने त्यांचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा