शेजारच्या लेनवरच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या सकाळी नेमबाजी स्पर्धेच्या उपकरण तपासणीच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात. पंचांनी माझ्या पिस्तुलाची बॅरल सरळ वर धरली, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं आणि पिस्तूल हळूच उचललं. वजन टेबलावरून हलायच्या आत ट्रिगर सुटला. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी आदल्या आठवड्यात स्क्रू फिरवून फिरवून मीच तो हलका केला होता. ट्रिगर हलका झाला की नेम आपोआप सुधारेल, असं मी धरून चालले होते. माझे हात थरथरत होते. तुम्ही रांग सोडून मला बाजूला घेतलंत, आधी चेंबर रिकामं असल्याची खात्री करून घेतलीत आणि खिशातून स्क्रू फिरवायची ॲलन की काढलीत. पुन्हा तपासणीला गेले तेव्हा वजन व्यवस्थित उचललं गेलं.

एवढ्यासाठीच आभार मानले असते तरी पुरेसं होतं. पण तुम्ही त्यानंतर कितीतरी संध्याकाळी तुमचा सराव मागे ठेवून माझ्याजवळ थांबलात, ते मला इथे लिहायचं आहे.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझी जुनी कागदी टार्गेट्स मागून घेतलीत. मी उजव्या हाताची, आणि छर्रे खाली-डावीकडे जात होते. म्हणून मी रिअर साइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, वर आणि उजवीकडे सरकवत गेले. दुसऱ्या दिवशी छर्रे वर-उजवीकडे. मग साइटच्या स्क्रूचे पुन्हा उलटे क्लिक. तुम्ही पेन्सिलीने दोन्ही ग्रुपभोवती, म्हणजे छर्‍यांच्या भोकांच्या झुबक्यांभोवती, गोल काढलेत आणि म्हणालात, "साइट बरोबर आहे, तुझं बोट चुकतंय. ग्रुप जमेपर्यंत त्या स्क्रूला हात लावायचा नाही."

तीन आठवडे मी साइटला हात लावला नाही. आधी तुम्ही ट्रिगरच बघितलात. ट्रिगरचं पातं माझ्या बोटाला लांब पडत होतं, त्यामुळे बोट ताणलं जाऊन ते सरळ मागे न येता पिस्तूल बाजूला ढकलत होतं. तुम्ही पातं थोडं मागे घेतलंत, इतकंच. पण बोटाची गादी पात्यावर नीट टेकली तेव्हा कळलं की वर्षभर मी कशाशी झगडत होते. मग ५०० ग्रॅमपैकी बराचसा भार ट्रिगरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे शॉट सुटण्याआधीच्या हालचालीत, घेतलात, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची भिंत स्पष्ट लागते आणि तिथून थोडासा दाब पुरतो. शॉट सुटल्यावर ट्रिगर मागे धावत राहू नये म्हणून स्टॉप स्क्रूही जुळवलात.

आणि ते गणित! तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. माझ्या पिस्तुलावर दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. फ्रंट साइट, म्हणजे नेमाची पुढची खूण, मागच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर टार्गेटवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर दूर जातो, म्हणजे सातचा शॉट. पण साइट एकमेकींशी जुळलेल्या असतील आणि अख्खा हात ५ मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही ५ मिलिमीटरच सरकतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, छर्रा साडेचार मिलिमीटरचा, रेषेला कड लागली तरी गुण मिळतो. म्हणजे तो शॉट दहाच. हात हलतो म्हणून मी रोज स्वतःला दोष देत होते, ताई. त्या कागदाने माझी भीती घालवली. हात थोडा हलू दे, फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा राहू दे, हे मी आता प्रत्येक शॉटला मनात म्हणते. त्यासाठी रिअर साइटची खाचही तुम्हीच जराशी रुंद करून दिलीत.

छर्रा न घालता कोऱ्या भिंतीसमोर केलेलं ड्राय फायरिंग सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटलं. पण ट्रिगर सुटताना फ्रंट साइट खाली बुडते, हे मला तिथेच पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. टार्गेटसमोर ते कधीच दिसलं नव्हतं, कारण माझी नजर काळ्या वर्तुळावर असायची.

चौथ्या आठवड्यात तुम्ही स्वतःहून साइटला हात लावू दिलात. पाच शॉट, मग पाच क्लिक, पुन्हा पाच शॉट, आणि दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. एका क्लिकला छर्रा किती सरकतो, ते माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. मग ग्रुप मध्यावर आणायला मोजके क्लिक पुरले.

गेल्या स्पर्धेत तपासणीला पिस्तूल पहिल्याच खेपेला पास झालं. ६० शॉटमध्ये मी रिअर साइटला दोनदाच हात लावला, दोन्ही वेळा ग्रुप बघून. माझा आजवरचा सर्वांत चांगला स्कोअर झाला. बाहेर येऊन तुम्हाला शोधलं, तेव्हा तुम्ही आणखी कुणाचं तरी पिस्तूल हातात घेऊन बसला होतात, म्हणून मध्ये बोलले नाही.

तुम्ही पेन्सिलीने गोल काढलेलं ते टार्गेट मी जपून ठेवलं आहे. ॲलन कीसुद्धा अजून माझ्याच पेटीत आहे. पुढच्या सरावाला ती घेऊन येते.

तुमची,
शेजारच्या लेनवरची मुलगी