शनिवारचा कट्टा : अण्णा साळुंके

सभासदहो, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नौपाड्यातल्या आपल्या नेहमीच्या हॉलवर जमायचं आहे. विषय मूकपटांतले नट अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या हॉटेलात आचारी असलेल्या अण्णांना फाळक्यांनी हेरलं आणि १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं; बायका पडद्यावर यायला तयारच नव्हत्या! १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर रामही तेच, सीताही तेच. (सीतामाईचे दंड जरा भरदारच दिसतात, बघाच.) पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले. त्यावर कोणी बोलणार असेल तर आधी कळवा. ‘लंकादहन’चा उरलेला तुकडा दाखवणार आहोत. मोबाइल बंद ठेवा, मागच्या खेपेला रिंगटोनचंच पार्श्वसंगीत झालं होतं. चहा आहे. वर्गणी राहिलेल्यांनी तेव्हाच द्यावी.