दोन हेक्टरांचा हट्ट सोड

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला सेंद्रिय द्राक्षबागेचा नकाशा नीट बघितला. ओळी उत्तर-दक्षिण धरल्यास ते बरं केलंस, वेलीला दोन्ही अंगांनी ऊन मिळेल. पाण्याच्या निचऱ्याचाही विचार केलेला दिसतो. पण कोपऱ्यात 'दोन हेक्टर' लिहिलंय तिथे अडले. माझं ऐकशील तर अर्धा हेक्टर लाव. त्यावर एक ओळही नको, निदान पहिली काही वर्षं.

तू म्हणशील, आई नेहमीसारखीच घाबरते. घाबरत नाही, हिशेब करते. अडीच मीटर बाय सव्वा मीटरवर लावलंस तर हेक्टरी 3200 वेली बसतात. छाटणी, बांधणी, फुटींची विरळणी, घडाभोवतीची पानं काढणं, शेंडे मारणं, तोडणी... एका हंगामात प्रत्येक वेलीजवळ किमान सहा वेळा जाऊन उभं राहावं लागतं. एवढं एकवेळ मजूर लावून निभेल. खरी अडचण पावसाची आहे.

रासायनिक बागेत डाउनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, दिसल्यावरही थोडी सवड असते. पानात शिरून काम करणारी औषधं मिळतात. तुझ्याकडे ती नसणार. तांबं आणि गंधक पानावर बसून राहतात, आत जात नाहीत. बुरशी आत शिरण्याआधी ती पानावर असली तरच उपयोग. म्हणजे पावसाचा अंदाज कळला की पाऊस पडायच्या आत अख्खी बाग फवारून व्हायला हवी. पानांनी भरलेल्या वेलींना हेक्टरी हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाठीवरचा पंप सोळा लिटरचा. दोन हेक्टरांना सव्वाशे पंप होतात गं! अर्ध्या हेक्टरला एकतीस-बत्तीस. तुम्ही दोघं पहाटे लागलात तर ऊन चढेपर्यंत होईल. बाग किती मोठी, हे या एका सकाळीवरून ठरव, जमीन किती पडून आहे यावरून नको.

ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर घेऊ, असं सुहासराव म्हणतील. घ्या पुढे कधीतरी. पण सलग पावसात नेमकी ज्या दिवशी फवारणी हवी त्या दिवशी जमीन ओली असते. चाकं रुततात, माती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. पायी चालणारा माणूस तेव्हाही ओळीत जाऊ शकतो.

डाउनीची पहिली लागण कधी धरायची, याचा जुना ठोकताळा लक्षात ठेव: तापमान 10 अंशांच्या वर, नवा कोंब 10 सेंटीमीटरचा आणि दिवसभरात 10 मिलिमीटर पाऊस. तिन्ही दहा जुळले की सावध.

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं तांब्याचं औषध, घरीच करा. गंमत म्हणजे ते आधी चोरांसाठी होतं. फ्रान्सच्या बोर्डो भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे द्राक्षं विषारी दिसून वाटसरू हात लावणार नाहीत. त्याच वेली रोगातून वाचल्याचं मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1882 मध्ये हेरलं आणि 1885 मध्ये ते औषध म्हणून जगापुढे आलं.

मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजव, लोखंडाचं भांडं वापरू नकोस. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओतत ढवळायचं. झालं की घासून चकचकीत केलेला सुरा त्यात मिनिटभर बुडवून बघ. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, तसंच मारलंस तर पानं करपतील. पातं स्वच्छ निघेपर्यंत चुन्याचं पाणी घालत राहा, आणि त्याच दिवशी संपव.

पण हात आखडता ठेव. मोरचुदात पाव हिस्सा तांबं असतं. एक टक्क्याचं मिश्रण हेक्टरी हजार लिटर मारलंस की अडीच किलो तांबं जमिनीवर आलं. युरोपीय संघात सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला चार. पूर्ण ताकदीच्या दोन फवारण्यांत ती ओलांडते! तांबं मातीतून कुठे जात नाही, साठत राहतं, आणि गांडुळं पहिली कमी होतात. तेव्हा मिश्रण पातळ ठेव आणि पाऊस असेल तेव्हाच मार.

भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाला मात्र पाऊस लागत नाही, दाट सावली पुरते. फुलोऱ्यापासून पुढचे तीन-चार आठवडे मणी सर्वांत नाजूक असतात. तेव्हा गंधक चुकवू नकोस, फक्त तापमान तिशीच्या वर असताना मारू नकोस, चट्टे पडतात. सकाळच्या उन्हाच्या बाजूची घडाजवळची पानं काढलीस तर फवारा आत पोचतो. उजेड काडीवरच्या डोळ्यांवरही, म्हणजे कळ्यांवरही, पडला पाहिजे, कारण पुढच्या हंगामाचे घड याच हंगामात त्या डोळ्यांत तयार होत असतात.

वाण निवडताना रोगाला तोंड देणारे संकरित वाणही बघ. सोलारिस, रीजंट ही नावं शोध. तिथेही फवारणी शून्यावर येत नाही, पण पुष्कळ कमी होते. नामांकित वाणांचा मोह तुझ्या हौसेला शोभतो, तुझ्या पाठीला नाही.

स्वतःच्या मुळावरची रोपं स्वस्त पडतात, हे खरं. तरी कलमंच घ्या. 1860च्या दशकात अमेरिकेतून गेलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन खुंटानेच, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या भागानेच, त्या वाचवल्या. त्यात औषधाचा थेंबही नव्हता.

बहुतेक सेंद्रिय प्रमाणीकरणांत बहुवर्षायू पिकाला तीन वर्षं रूपांतरणाची, म्हणजे रासायनिकातून सेंद्रियात येण्याची, धरतात. त्याचा त्रास करून घेऊ नकोस. तोवर वेलीचं खोड आणि ओलांडेच, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्याच, घडवायचे असतात. सुरुवातीला एखाद-दुसरा घड दिसला तर जीव घट्ट करून खुडून टाक. राहिलेल्या दीड हेक्टरात तोवर शेंगवर्गीय हिरवळीचं पीक घेऊन गाडत राहा. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याने येते त्या बाजूला आत्ताच उंच कुंपण वाढव, आणि तो कधी काय मारतो हे त्याला गोडीत विचारून घे.

माती परीक्षणाचा अहवाल आला की फोटो पाठव. क्षार आणि चुनखडीचे आकडे बघून मगच खुंट ठरवू. तोवर रोपवाटिकेला पैसे देऊ नका. सुहासरावांना पंपाचा हिशेब वाचून दाखव.

तुझी,
आई