ड्रमवर कान ठेवून बघ

प्रिय शेखर,

तुझं पत्र मिळालं. ‘हल्लीच्या जॅझमध्ये चाल सापडत नाही, चार माणसं चार दिशांना वाजवत सुटतात’ हे वाचून आधी हसलो, मग जरा चिडलोही. तू १९५९ सालात मुक्काम ठोकून बसलायस. त्या वेळच्या रेकॉर्ड थोर आहेत, वादच नाही. पण आजच्या वादकांकडे तू चाल मागतोस आणि त्यांचा सगळा जीव लयीत. तेव्हा माझं ऐक, पियानो-सॅक्सोफोन बाजूला ठेव आणि फक्त ड्रमर काय करतोय तिकडे लक्ष दे.

सुरुवात विजय अय्यरच्या ‘अनईझी’पासून कर. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने २०२१ साली काढलेला अल्बम. विजयचा पियानो, लिंडा मे हान ओचा डबल बास आणि टायशॉन सोरीचे ड्रम. त्यात कोल पोर्टरचं ‘नाइट अँड डे’ आहे. ती चाल तुला पाठ, म्हणजे हरवायची भीती नाही. सोरी तिथे नुसता ठेका धरून बसत नाही. विजयने टाकलेला शब्द झेलतो, उलटवतो, कधी मुद्दाम मोकळा सोडतो. याच माणसाला २०२४ साली संगीताचं पुलित्झर मिळालं, आणि तेही ड्रमसाठी नव्हे, सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेबद्दल!

आता खास तुझ्यासाठी. डॅन वाइस नावाचा अमेरिकन ड्रमर समीर चटर्जींकडे तबला शिकला आणि २००५ साली त्याने ‘तीनताल ड्रमसेट सोलो’ ध्वनिमुद्रित केला. नावात आहे तेच आत आहे: सोळा मात्रांचं आवर्तन आणि एकल तबल्यातलं वादन, पण तबला नाही. बोल तेच, फक्त दोन हात आणि दोन पायांत वाटलेले. पहिल्यांदा ऐकताना नुसता गलका वाटेल. मात्रा बोटांवर मोजत राहा. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोलांचा तुकडा, समेवर, पहिल्या मात्रेवर, येऊन पडली की ‘क्या बात है’ म्हणशील, आणि मग माझ्याशी भांडायला तोंड उरणार नाही.

मकाया मॅक्क्रेव्हन या ड्रमरची तऱ्हा आणखी वेगळी. ‘इन द मोमेंट’ (२०१५) हा अल्बम त्याने स्वतःच्या उत्स्फूर्त मैफलींच्या ध्वनिमुद्रणातून तुकडे कापून, पुन्हा जोडून घडवला. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू देत. जोड कुठे आहे हे शोधण्यातच मला मजा येते.

सॅक्सोफोनवाल्या कमासी वॉशिंग्टनचा ‘द एपिक’ही त्याच सालचा, तीन डिस्कचा. सगळे त्याला डोक्यावर घेतात. मला विचारशील तर निम्म्यातच काम झालं असतं. पहिली डिस्क ऐक, पुढे तुझी मर्जी.

टेरी लिन कॅरिंग्टनचा ‘न्यू स्टँडर्ड्स’ (२०२२) मात्र चुकवू नकोस. ती स्वतः ड्रमर, आणि त्यातल्या सगळ्या रचना स्त्रियांच्या. ‘स्टँडर्ड’, म्हणजे जॅझमध्ये सगळेच वाजवतात त्या ठरलेल्या रचना, म्हणून आपण घोकलेल्या यादीत बायकांची नावं किती होती, आठवून बघ.

वाइस ऐकलास की लगेच कळव. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही सविस्तर दे, कोणत्या मात्रेवर वैतागलास ते लिही.

तुझाच,
अविनाश