नुसतं ‘नळ आलाय’ म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णासोबत ओपीडीत आलेल्या आईला किंवा भावाला गोळ्यांची वेळ आणि पुढची तारीख सांगून वाटेला लावलं जातं. घरी रुग्णाशी बोलायचं कसं, हे राहूनच जातं.

या आजारात समोरच्याचा चेहरा वाचणं, बोलण्यामागचा हेतू ओळखणं जड जातं. आठ दिवसांनी पाणी येतं, आई म्हणते, “नळ आलाय.” तिला म्हणायचं असतं, घागरी भर. पोराला त्यातून फक्त बातमी कळते. तो बसून राहतो. आजारामुळे, कधी औषधांमुळेही चेहरा निर्विकार असतो. ‘माजलाय’ असा अर्थ काढून टोमणे सुरू होतात. टोमण्यांनी आजार होत नाही, पण उलटतो. लंडनमधल्या १९७६ च्या अभ्यासात, टीका करणाऱ्या नातेवाइकासोबत आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्या रुग्णांना हा धोका अधिक दिसला. दोन खोल्यांच्या घरात एवढे तास तीन-चार दिवसांतच भरतात!

चेहरा आणि हेतू ओळखण्याची ही अडचण रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांतही सौम्य स्वरूपात, सरासरीने थोडी जास्त आढळते. प्रत्येकात नव्हे. सोयरीक मोडायला तर हे कारण मुळीच नाही: हा आजार सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला होतो, रुग्णाच्या भावंडांत सुमारे नऊ जणांना. उरलेल्या ९१ जणांना तो होत नाही.

म्हणून रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांनी नातेवाइकाला पंधरा मिनिटं द्यावीत. दोन-चार आडवळणाची वाक्यं सांगून त्यालाच अर्थ विचारावा. आधी ऐकू येतं का, रात्रभर जागरण झालंय का, हे बघावं. नाहीतर थकव्यालाच दोष समजाल. परदेशी चेहऱ्यांचे फोटो दाखवूनही फसगत होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत, दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमता तपासणारा ‘सोक्रॅटिस’ चाचणीसंच भारतीय परिस्थितीसाठी तयार झाला आहे, पण गर्दीच्या ओपीडीत तो सगळा घेणं अवघडच.

उत्तरं चुकली तरी शिक्का नको. चिठ्ठीवर लिहून द्यावं: नाव घेऊन, एका वेळी एकच काम सांगा. “दत्ता, ही घागर भर.” मनात दहा अंक मोजा, मगच पुन्हा बोला. राग आलाय का, हे चेहऱ्यावरून ठरवू नका, विचारा. आपली काळजीही शब्दांत सांगा.

राज्यातली ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर आहेत. त्यामुळे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केसपेपरवर नातेवाइकासाठी दोन ओळी ठेवाव्यात आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चिठ्ठीवरच छापावा.

— मानसिक आरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते, लातूर